आधी माया सोडा, मग कापा!

नवी मोटारसायकल दारात आली, की नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि संध्याकाळच्या आत घरातला पोरगा गाडी घेऊन पसार होतो. कुठे? तर रेडियमवाल्याकडे! ‘आईचा आशीर्वाद’, ‘राजे’, बारक्या भाच्याचे नाव असे काय काय चिकटवून घेऊन तो परत येतो. करमाडहून जालना रोडने कोणत्याही बाजूला निघा, रेडियमवाल्याचे एखादे टपरीवजा दुकान दिसतेच. (जाता जाता सांगते, त्या चमकणाऱ्या पट्टीत रेडियम कणभरही नसते बरं का! मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये ते मूलद्रव्य शोधले. पुढे त्याचा रंग घड्याळाच्या काट्यांना लावत, म्हणजे ते अंधारात चमकत. त्यावरून चमकणाऱ्या प्रत्येक स्टिकरला आपण रेडियम म्हणू लागलो.)

त्या दुकानात एक लांबट मशीन असते. कॉम्प्युटरवर अक्षर काढले, की मशीनमधले सुईच्या टोकाएवढे पाते रंगीत व्हिनाइलवर सरसर फिरते आणि अक्षर कापून देते. मैत्रिणींनो, याच मशीनची धाकटी बहीण आता घरात येऊ लागली आहे. शिलाई मशीनच्या पेटीएवढी जागा तिला पुरते. क्रिकट, सिल्हूट, ब्रदर अशा कंपन्यांची ही यंत्रे आहेत. क्रिकट अमेरिकेतल्या युटा राज्यातली. तिथल्या बायकांना फोटोंच्या वह्या सजवायचा भारी नाद, त्यांच्यासाठी २००५-०६ च्या सुमारास ते बाजारात आले. आपल्याकडे मात्र त्याचा उपयोग निराळाच होतो आहे. रुखवताच्या पाट्या, बारशाचे तोरण, संक्रांतीच्या वाणावरचे नाव आणि मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते म्हणजे बचत गटाच्या बरण्यांवरचे लेबल.

रेडियमवाल्याचे मशीन नुसते कापते. ज्या रंगाचे व्हिनाइल, त्याच रंगाचे अक्षर. पण लाल कैरीच्या लोणच्याचे चित्र, त्यावर गटाचे नाव, खाली वजन आणि हे सगळे नेमक्या गोलात कापलेले हवे असेल, तर? तिथे घरातला साधा प्रिंटर मदतीला येतो. आधी प्रिंटर छापतो, मग मशीन कापते. ऐकायला इतके सोपे. पण छापलेले चित्र कागदावर नेमके कुठे आहे, हे त्या मुक्या यंत्राला कसे कळायचे? सगळी गोम इथेच आहे.

आमच्या गल्लीत एक सून आहे. बारावी झालेली. शेंद्र्याच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जायची. बाळंतपणानंतर काम सुटले ते सुटलेच. दोन पाळ्यांची ड्यूटी, घरात तान्हे लेकरू, सासूचे गुडघे धरलेले. तिच्या नणंदेने पुण्यात हौसेने हे कापायचे मशीन घेतले होते, चार दिवस मुलांच्या वाढदिवसाला वापरले आणि मग ते माळ्यावर गेले. (किती घरांत असे होते! फूड प्रोसेसर आठवा.) दिवाळीत नणंदेने ते वहिनीला देऊन टाकले. मशीन फुकट आले, पण प्रिंटरशिवाय त्याचा अर्धाच उपयोग. टाकीत शाई ओतायचा प्रिंटर साधारण बारा हजारांना होता. तेवढे पैसे घरातून मिळेनात. “खेळण्यापायी एवढे पैसे?” असे सासरे म्हणाले आणि विषय संपला. मग ती आमच्या गटाकडे आली, अंतर्गत कर्ज मागायला.

गटात आम्ही बाराजणी. हिशेब मी बघते. त्या दिवशीची बैठक चांगली दीड तास चालली. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या मावशी म्हणाल्या, “लोणचं चवीनं खपतंय, कागदानं न्हाई. कशाला नटवायचं त्याला?” दुसरी म्हणाली, “मशीन बिघडलं तर पोरगी पैसे कुठून फेडंल?” प्रश्न रास्त होते, कारण पैसा बाराजणींच्या घामाचा होता. पण आमच्या कपाटात एक गठ्ठा पडून होता, तो मी काढून सगळ्यांपुढे ठेवला. जुन्या लेबलांचा. शहरातल्या छापखान्यात एकेका प्रकाराची कमीत कमी हजार लेबले घ्यावी लागतील, असे आम्हाला सांगण्यात आले होते. आमचे प्रकार सहा. कैरीचे लोणचे, लिंबाचे लोणचे, मिरचीचा ठेचा, कारळाची चटणी, जवसाची चटणी आणि पापड. एका खेपेला बरण्या भरतात चाळीस-पन्नास. मग हजार लेबले संपणार कधी? त्यातून २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले. ‘जि. औरंगाबाद’ छापलेला तो गठ्ठा तसाच राहिला. ‘छत्रपती संभाजीनगर’ एवढे लांब नाव पाच सेंटिमीटरच्या गोलात बसवायचे, तर सगळी मांडणीच नव्याने करावी लागणार होती.

चाळीस बरण्यांना चाळीसच लेबले. हवी तेव्हा, हवा तो मजकूर. हे सांगितल्यावर मावशी गप्प झाल्या. पटले म्हणून नव्हे, पण गप्प झाल्या. कर्ज मंजूर झाले, दरमहा हजार रुपये मुद्दल याप्रमाणे.

पुढचे दोन महिने त्या मुलीबरोबर मीही या यंत्राशी ओळख करून घेत होते. त्यातले जे आपल्या भाषेत कळले, ते इथे सांगते.

चित्र कॉम्प्युटरवर तयार झाले, की सॉफ्टवेअर त्याच्याभोवती काळ्या खुणा टाकते. प्रिंटर चित्राबरोबर त्या खुणाही छापतो. छापलेला कागद एका चिकट चटईवर बसवून मशीनमध्ये सरकवायचा. मशीनमध्ये बारीकसा डोळा असतो, सेन्सर म्हणतात त्याला. तो आधी या खुणा शोधतो. खुणा सापडल्या, की कागद कसा ठेवला आहे, किती तिरका आहे, हे त्याला कळते आणि मग पाते बरोबर चित्राच्या कडेने फिरते. ब्लाउजच्या कापडावर आपण खडूने खुणा करतो ना, अगदी तसेच. खूण चुकली की बाही चुकली!

म्हणून पहिला नियम. प्रिंट देताना ‘कागदात मावेल असे लहान करा’ हा पर्याय बंद ठेवायचा आणि आकार शंभर टक्के ठेवायचा. प्रिंटरने परस्पर चित्र दोन-तीन टक्के आखडले, तरी काप बाजूला सरकतो. दुसरे, मशीन उन्हाच्या कवडशात किंवा उघड्या दारासमोर ठेवायचे नाही. प्रखर उजेडात त्या डोळ्याला खुणा दिसत नाहीत. कागद चकचकीत असला तरी तेच. लेबल पाण्याने पुसू नये म्हणून वरून पारदर्शक प्लॅस्टिक चिकटवतात. ते कापायच्या आधीच लावायचे असते, पण खुणांवर ते येऊ द्यायचे नाही, तेवढी जागा उघडी ठेवायची.

आता माया. शिवण शिकलेल्या बाईला हे सांगायलाच नको. कापड मापाला तंतोतंत कापले, तर शिवायचे कशात? म्हणून आपण अर्धा इंच माया सोडतो. छपाईतही तसेच करायचे. लेबलाचा रंग गोलाच्या काठाशी संपवायचा नाही, काठाबाहेर दोन-तीन मिलिमीटर पसरू द्यायचा. मशीन कितीही चांगले असो, केसभर इकडेतिकडे होतेच. माया सोडलेली असली, तर ते दिसत नाही. नसली, तर प्रत्येक लेबलाच्या एका बाजूला पांढरी कोर येते आणि सगळे काम कच्चे दिसते. त्या मुलीने हे एकदा ऐकले आणि म्हणाली, “काकू, हे तर आमच्या शिवणक्लासच्या बाईंनी सांगितलेलं!” तेव्हापासून आमच्याकडे त्याला मायाच म्हणतात.

पात्याच्या जोराचे गणित शंकरपाळ्यांवरून कळते. कातणे इतकेच दाबायचे, की पोळी कापली जावी पण पोळपाटावर चरा पडू नये. स्टिकरच्या कागदाला दोन थर असतात, वरचा छापायचा आणि खालचा मेणचट. वरचा थर कापला गेला पाहिजे आणि खालचा शाबूत राहिला पाहिजे. याला दुकानदार हाफ कट म्हणतात. नवा कागद आणला, की आधी एका कोपऱ्यात लहानसा चौकोन कापून बघायचा. तो नखाने अलगद सुटला तर जोर बरोबर. घाईत ही पायरी गाळली, तर आख्खा कागद वाया गेलाच म्हणून समजा.

कोणता प्रिंटर घ्यावा, हे मला सारखे विचारतात. शाईचा की लेसर? लेसर प्रिंटरची भुकटी उष्णतेने कागदावर वितळून बसते, त्यामुळे ती पाण्याने पसरत नाही. पण शाईच्या प्रिंटरसाठी बनवलेला व्हिनाइल स्टिकर लेसरमध्ये घातला, तर तो आत वितळून रोलरला चिकटायची भीती. पाकिटावर लिहिलेले वाचायचे. शाईतही दोन जाती आहेत. एक पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची, दिसायला खुलते पण ओल्या हाताने पसरते. दुसरी पिगमेंटची, ती पाण्याला बरीच टिकते. लोणच्याच्या बरणीला तेलकट हात लागणारच. तिथे पहिल्या जातीची शाई असेल, तर वरून प्लॅस्टिक हवेच.

आपल्या मराठवाड्याची हवा या प्रिंटरला मानवत नाही, हेही आधीच समजून घ्या. एप्रिल-मेच्या झळांत शाईची बारीक भोके सुकतात. काम असो नसो, आठवड्यातून एकदा एखादा रंगीत कागद छापायचाच. पावसाळ्यात उलटे होते. कागद ओल धरतो, वाकतो, एकाला चिकटून दुसरा आत जातो. कागदाचा गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा. आणि जाडी? आपला नेहमीचा झेरॉक्सचा कागद सत्तर-ऐंशी जीएसएमचा असतो. तोरणाला, रुखवताच्या पाटीला दोनशेच्या वरचा लागतो. तो घरच्या प्रत्येक प्रिंटरमधून जातोच असे नाही, विशेषतः ज्यात कागद खालच्या ट्रेमधून गोल वळसा घेऊन येतो त्यातून. मागून सरळ घालायची सोय असेल तर बरे.

कागदाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या जिल्ह्यातल्या कागजीपुऱ्याबद्दल सांगायलाच हवे. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना हे गाव लागते. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. त्या काळापासून तिथे हाताने कागद बनवला जात असे, अशी परंपरा सांगतात. मुली उत्साहाने तो जाडसर सुंदर कागद आणतात आणि थेट प्रिंटरमध्ये घालायला निघतात. तसे करू नका. हातकागदाचे तंतू सुटतात आणि प्रिंटरच्या तोंडाशी अडकतात. खरबरीत पृष्ठभागावर पातेही अडखळते. त्यापेक्षा नाव गुळगुळीत कागदावर छापून-कापून घ्या आणि हातकागदाच्या पाटीवर चिकटवा. दोघांचीही शोभा वाढते.

सॉफ्टवेअरचे फार सांगत नाही, ते दर सहा महिन्यांनी बदलते. इतकेच, की क्रिकटच्या बहुतेक कामांना इंटरनेट लागते, सिल्हूटचे काम त्याशिवायही होते आणि ब्रदरच्या एका यंत्रात स्कॅनरच असतो, म्हणजे हाताने काढलेले चित्र ते बघून कापते. अगदी लहान स्वस्त मॉडेलमध्ये खुणा वाचणारा डोळा नसतो. ते नुसते कापते, छापलेले ओळखत नाही. घेण्याआधी दुकानदाराला हा एक प्रश्न नक्की विचारा.

मला स्वतःला यात सगळ्यात मौज वाटली ती आपल्या देवनागरीची. इंग्रजी नाव कापले, की अक्षरे सुटी होतात, एकेक उचलून ओळीत चिकटवत बसावे लागते. आपल्या नावाला मात्र शिरोरेषा असते. ‘राधिका’ कापले की पाचही उंगल्या एका तळहाताला असाव्यात तसे आख्खे नाव एका तुकड्यात हातात येते. तोरणाला लटकवायला किती सोयीचे! पण अनुस्वार दगा देतो. ‘आनंदी’तला टिंब कुठेच जोडलेला नसतो, तो कापला की गळून चटईवर राहतो. म्हणून कापण्याआधी तो टिंब ओढून शिरोरेषेला टेकवायचा आणि दोन्ही आकार सॉफ्टवेअरमध्ये एकजीव करायचे. रांगोळीच्या छाप्यासाठी अक्षर कोरायचे असेल, तर अडचण वेगळीच. ‘व’, ‘ब’, ‘भ’ यांच्या पोटातला तुकडाच पडून जातो आणि आत नुसते भोक उरते. तिथे पोटाला धरून ठेवणारी बारीकशी पट्टी ठेवावी लागते. आणि सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे फुटत असतील, तर मजकूर दुसरीकडे तयार करून चित्र म्हणून आत घ्यायचा. लेबल छापायचेच असते, त्यामुळे चित्राने काही बिघडत नाही.

आता लेबलाकडे वळते, कारण पैसा तिथे आहे. विकायच्या पाकीटबंद खाद्यपदार्थावर काय काय हवे, हे कायद्याने ठरलेले आहे. पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, बॅच, बनवल्याची तारीख, किती दिवस टिकेल ते, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक आणि शाकाहारी पदार्थाला हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका. अक्षरांची किमान उंचीसुद्धा नियमात आहे. आणि एक गोष्ट बऱ्याच गटांना ठाऊक नसते. ही माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असावी लागते. मराठी जोडीला खुशाल घाला, पण नुसत्या मराठीवर भागत नाही. हे सगळे एका गोलात मावणार नाही. आम्ही पुढे गोल लेबल आणि मागे चौकोनी लेबल अशी विभागणी केली. तारीख-बॅचची जागा मोकळी ठेवण्यापेक्षा दर खेपेला छापूनच घेतो, घरचा प्रिंटर असण्याचा खरा फायदा तोच.

आता हिशेब, मावशींच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून. पाच सेंटिमीटरची बारा गोल लेबले एका ए-फोर कागदावर खुणांसकट आरामात बसतात. समजा, स्टिकरचा कागद दहा रुपयांना आणि शाई तीन रुपयांची धरली, तर लेबल पडते सव्वा रुपयाच्या आत. छान. पण मशीन विकत घ्यायचे झाले तर? समजा ते पंचवीस हजारांचे आहे आणि एका लेबलामागे तुमचा एक रुपया वाचतो. म्हणजे मशीनचे पैसे वसूल व्हायला पंचवीस हजार लेबले, दोन हजारांहून जास्त कागद! एकट्या बाईने, एका गटाच्या भरवशावर, हप्त्यांवर मशीन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रिंटर घ्या, चौकोनी लेबले करा, स्टीलची पट्टी आणि कटर घेऊन कापा. चौकोनाला मशीन लागतच नाही. तीन महिने किती कागद कापले, ते वहीत लिहा. हात भरून यायला लागले, ऑर्डर परत जायला लागल्या, की मग मशीनचा विचार. आणि तोही चार गटांनी मिळून.

आमच्या सुनेचे मशीन फुकटचे, म्हणून तिचे गणित बसले. तरी नुसत्या लेबलांवर ती हजाराचा हप्ता फेडू शकली नसती. आसपासच्या आणखी दोन गटांचे काम तिला मिळाले आणि मग लग्नसराई आली. रुखवताच्या पाट्यांत मेहनतीचा मोबदला असतो, कागदाचा नव्हे. पैठणीच्या पदरावरचा मोर तिने स्वतः काढला, रंगवला, मोबाइलने फोटो घेतला आणि तोच पाटीच्या कडेला छापते. मोर तिचा स्वतःचा. डोरेमॉन, छोटा भीम यांची स्टिकर्स छापून विकायला ती आता साफ नकार देते, कारण त्या चित्रांचे मालक आहेत आणि विना परवानगी विकणे कॉपीराइटच्या कायद्यात बसत नाही. “पण सगळे तर विकतात,” असे एक गिऱ्हाईक म्हणालेच. तिने त्या बाळाच्या नावाचे तोरण करून दिले, हत्ती घालून. हत्तीचा मालक कोणी नाही!

गणपतीच्या आधीचा महिना तिचा सगळ्यात धावपळीचा. महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ मध्ये बंदी आली, तेव्हापासून कागद-पुठ्ठ्याच्या मखराला मागणी आहे. मुंबईत नानासाहेब शेंडकरांनी ‘उत्सवी’ नावाने घडीचे पुठ्ठ्याचे मखर बंदीच्या कितीतरी आधीपासून लोकांपुढे आणले होते. तेवढे मोठे काम घरच्या मशीनवर होत नाही, चटईच फूटभर रुंद. पण गौरींच्या मागची कमान, फुले, पाने असे तुकडे कापून ते जोडता येतात. कापताना लेकरू झोपलेले असावे लागते. आणि तुकड्यांची मोजदाद आता सासरे करतात, एका वहीत, खुर्ची मशीनजवळ ओढून.

प्रिंटरच्या कर्जाचे दोन हप्ते राहिले आहेत. मावशी अजून म्हणतातच, की लोणचे चवीने खपते. मात्र मागच्या आठवड्यात नातीच्या बारशाचे तोरण त्यांनीच सांगितले. नाव ठरले आहे ‘गंधाली’. म्हणजे ‘ग’वरचा टिंब आधी शिरोरेषेला टेकवून घ्यायचा.